पहिल्या रकान्यातले नाव

पौषातल्या त्या बुधवारी उजेड आला तो नेहमीच्याच वाटेने. आधी तलावावरच्या धुक्यात तो बराच वेळ अडकून राहिला. तेव्हा त्याला रंग असा नव्हता, नुसता ओलसर पांढरेपणा होता. मग पलीकडच्या मोहाच्या शेंड्यावर त्याने थोडे पिवळेपण घेतले आणि कागद कारखान्याचा धूर रोज ज्या बाजूला आडवा पडलेला असतो त्या बाजूने तो सावकाश अंगणात उतरला. अंगणात दोन बांबूंवर हेमराजचे जाळे वाळत होते. उजेड त्यातून गाळला गेला आणि मातीच्या भिंतीवर शेकडो तिरपे चौकोन उमटले. वाऱ्याची झुळूक आली की ते हलत. एखादा लांबट होई, एखादा मिटून जाई, आणि झुळूक थांबली की जणू काहीच घडले नव्हते अशा रीतीने सगळे पुन्हा आपापल्या जागी येत. खाली, कोंबडीने उकरलेल्या खळग्यात, उजेड पाण्यासारखा साचला. तिथून तो उंबऱ्यावर चढला, पाण्याच्या घागरीच्या काठावर क्षणभर थांबला, टीव्हीवर ठेवलेल्या लांबट पाकिटांवर पसरला आणि शेवटी आतल्या भिंतीवरच्या लाकडी खुंटीपर्यंत पोहोचला. ही खुंटी बाबांची. आता तिच्यावर काही नव्हते. तरी तिची सावली रोज याच वेळी भिंतीवर पडे, आणि निकेश ती रोज पाही.

एरवी सावली पडे तेव्हा तो चपला पायांत सरकवत असे. बल्लारपूरच्या एका ट्रान्सपोर्ट कचेरीत तो तीन वर्षे बिले लिहीत होता आणि पावणेआठची पॅसेंजर चुकली की दिवस चुके. आज मात्र तो बाजेच्या कडेवर बसून होता. रात्री जेवताना मोठा भाऊ हेमराज एवढेच म्हणाला होता, “उद्या कामावर जाऊ नको. लटारूकाका येऊन राह्यले.” का, ते त्याने सांगितले नव्हते आणि निकेशने विचारले नव्हते. न विचारता कळणाऱ्या गोष्टींची त्याला लहानपणापासून भीती वाटे.

त्याच्या पायाशी त्याची खाकी बॅग होती. बॅगेत शनिवारी कचेरीच्या पत्त्यावर टपालाने परत आलेले एक पाकीट होते. ते त्याने एकदाच उघडले होते.

*

लटारूकाका आले ते थेट तलावावरून, ओल्या पायांनी. हेमराज-निकेशच्या वडिलांचा, बाबुलालचा, हा धाकटा भाऊ. गावच्या तलावात मासेमारी झाली की पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, वाटे घालण्याचे काम पंचवीस वर्षे त्याच्याकडे होते. आजवर कोणाचाही वाटा त्याने दुसऱ्यांदा तोलून दिला नव्हता, कारण तशी मागणीच कोणी केली नव्हती. दामिनीने, हेमराजच्या बायकोने, चहा आणला. काकांनी बशीत ओतून घेतला आणि फुंकर घालत म्हणाले, “सांग आता, हेमराज. मले काऊन बोलावलं?”

“मी काय सांगू. यालेच पुसा.” हेमराजने भावाकडे न पाहता हनुवटी हलवली. “काल स्टेशनवर गुणवंतराव भेटले. म्हणे, दोन दिवसांत शेअर बाजार असा पडला की लोक डोक्याले हात लावून बसले, अन् तुह्या भावानं पंधरा दिवसांआधीच सारे पैसे काढून घेतले. अख्ख्या बल्लारपुरात एकटा तोच शाणा निंगाला म्हणे. मी उभा राह्यलो तसाच. मले तं मालूमच नाई. मी म्हटलं, कोणते पैसे?”

“बाबाचे,” चंदाबाई म्हणाली. ती चुलीजवळ बसून लसूण सोलत होती.

“तुले मालूम होतं, माय?”

“सही माहीच हाय.”

एवढी वर्षे त्या पैशाचे नाव घरात कोणी मोठ्याने घेतले नव्हते. मिलच्या आवारात बांबू उतरवणारा बाबुलाल सन दोन हजारात एका संध्याकाळी गुणवंतरावांना घेऊन आला होता. गुणवंतराव शाळेतून निवृत्त झालेले. पोस्टाच्या आणि फंडांच्या योजना विकत. महिन्याला पाचशे रुपये, बाजारातल्या सगळ्यांत मोठ्या पन्नास कंपन्यांत, सारखे वाटून, वर्षानुवर्षे. त्याला त्यांनी इंडेक्स फंड असे नाव सांगितले. बाबुलालने ते नाव कधी घेतले नाही. तो म्हणे, पन्नास नाल्यांचा एक तलाव हाय, एखादा नाला आटला तरी तलाव आटत नाई. चंदाबाई साठ वर्षांची होईपर्यंत त्यात जाळे टाकायचे नाही, असे त्याने सर्वांसमोर ठरवले होते. ती आता बावन्न वर्षांची होती.

“काढले नाई, भाऊ,” निकेश म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच लांबून आल्यासारखा वाटला. “बदलून राह्यलो होतो.”

“काय?”

“कंपनी. फंड चालवणारी कंपनी. जुनी शंभराले दीड रुपया कापते वर्साचा. नवी एक रुपया.”

“अन् नवीचा तलाव कोणता?” काकांनी विचारले.

“तोच. त्याच पन्नास कंपन्या.”

“त्याच?”

“त्याच, काका. दोघींकडंही त्याच.”

काकांनी बशी खाली ठेवली. “मंग बदलून काय भेटते?”

निकेशला हे उत्तर कितीतरी दिवस पाठ होते, आणि आता ते बोलताना त्याला लाज वाटली. “वर्साले साडेसहाशे रुपये.”

दामिनी पदराआड हसली. “दोन सिलिंडर,” ती म्हणाली. “दोन सिलिंडरसाठी तुमी एवढी उलथापालथ केली, भाऊजी?”

“पुढं वाढत जाते, वहिनी. आठ वर्सांत…” तो थांबला. कचेरीतल्या कागदावर त्याने आठ वर्षांचे सारे आकडे मांडले होते. कागदावर ते किती स्वच्छ दिसत. इथे, लसणाच्या सालींच्या आणि ओल्या जाळ्याच्या वासात, त्यांतला एकही आकडा उभा राहीना.

*

काकांना मात्र एक गोष्ट खरोखरच समजून घ्यायची होती. या पोराने आपल्यासमोर कधी मान वर करून वाक्य पूर्ण केले नव्हते. आज करीत होता तर ऐकावे असे त्यांना वाटले.

“एक सांग. आपण माशांची बोटुकली या तलावातून त्या तलावात नेतो का नाई?”

“नेतो.”

“कशात नेतो?”

“हंड्यात. पाण्यासकट.”

“पाळीवर टाकून तं नाई नेत. मंग तू हंडा काऊन नाई घेतला?”

निकेशने काकांकडे पाहिले. नव्या कंपनीच्या चंद्रपूरच्या कचेरीतल्या टाय बांधलेल्या माणसाला जे समजावून सांगता आले नव्हते, ते या म्हाताऱ्याने हंडा या एका शब्दात विचारले होते. “एकाच कंपनीत इकडून तिकडं न्यायचं असलं तं हंडा असते, काका. दोन कंपन्यांच्या मधात नसते. इथं सारं विकावं लागते, पैसे बँकेत येतेत, मंग तिथं नव्यानं घ्यावं लागते.”

“म्हंजे मधात पाळीवर येतेत.”

“दोन-चार दिवस.”

“आता किती दिवस झाले?”

“दहा तारखेले आले. तेरा दिवस.”

“अन् किती?”

“एक लाख बत्तीस हजार.”

बाहेर कोंबडी तेवढी बोलत होती.

काकांनी गुडघ्यांवर हात ठेवले. “मंग तं बोलायचं काही राह्यलंच नाई. पाळीवर आलेला मासा पाण्यात परत जात नाई. तुह्या आज्याच्या टायमापासून हे चालून राह्यलं. ज्यानं काढला त्यानं वाटावा.”

“हे मासे नाई, काका.”

“बाबुलाल तं तलावच म्हणे.”

*

हेमराजने हे सारे खाली मान घालून ऐकले. आपल्याला आनंद झाला आहे हे कोणाच्या लक्षात येऊ नये, असे त्याला वाटत होते. तलावाच्या पाच वर्षांच्या ठेक्यासाठी मच्छीमार संस्थेला दोन लाख भरायचे होते. शनिवारी सव्वीस जानेवारीची सुट्टी. म्हणून मुदत शुक्रवारी दुपारपर्यंतची. एकोणीस घरांनी मिळून एक लाख साठ हजार उभे केले होते. उरलेले चाळीस संस्थेचा सचिव म्हणून हेमराजने भर सभेत अंगावर घेतले, आणि घेतले तेव्हा ते कुठून आणायचे याची त्याला कल्पना नव्हती. चंद्रपूरचा एक ठेकेदार दोन दिवसांपासून जीप घेऊन पाळीवर फेऱ्या मारीत होता. त्याने ठेका घेतला तर एकोणीस घरांतले लोक त्याच तलावात त्याच्या मजुरीवर जाळी ओढतील.

धाकट्या भावावर तो चिडला होता, कारण त्याने विचारले नाही. त्याच वेळी त्याला त्याचा अभिमानही वाटत होता. गुणवंतरावांसारखा माणूस प्लॅटफॉर्मवर, चार लोकांत, आपल्या भावाचे नाव घेतो. या दोन गोष्टी त्याच्या मनात एकमेकींना ओळख देत नव्हत्या.

“कसं कळलं बे तुले,” त्याने शेवटी विचारले, आणि त्याच्या आवाजात आपोआप मऊपणा आला, “की बाजार पडणार हाय?”

निकेशने पायाने बॅग बाजेखाली सरकवली.

“बाबुलालचा पोरगा हाय,” काका म्हणाले. “पाण्याचा रंग पाहून डोंगा फिरवते.”

“आता परत टाकलं तं?” दामिनीने विचारले. “पडलेला बाजार म्हंजे सस्ता ना?”

“अजून पडला तं?” हेमराज म्हणाला.

दोघांनी निकेशकडे पाहिले. तो म्हणाला, “मले खरंच मालूम नाई.” तेवढे एकच वाक्य त्या सकाळी तो निःशंक मनाने बोलला, आणि नेमके तेच कोणी खरे मानले नाही.

*

चंदाबाईला आपली सही आठवत होती. तिला अक्षर येत नसे. बल्लारपूरच्या बाजारात तीस वर्षे मासळी विकूनही कधी अडले नव्हते. फंडाच्या अर्जावर दुसरे नाव तिचे असणार म्हटल्यावर बाबुलालने तिला पाळीवरच्या सपाट दगडावर ओल्या बोटाने तिचे नाव काढून दाखवले. उन्हात ते सुकून जाई, तो पुन्हा काढी. चौथ्या दिवशी तिने स्वतः काढले आणि ते सुकेपर्यंत दोघे पाहत बसले. तो गेल्यावर तिला अनेक गोष्टींचे दुःख झाले. पण आपले नाव वाळताना पाहणारे आता कोणी नाही, हे दुःख तिने कोणाला सांगितले नाही.

तीन तारखेला निकेशने कागद पुढे केला आणि म्हणाला, “माय, इथं सही कर, कंपनी बदलायची हाय.” तिने केली. दोघांपैकी कोणा एकाची सही चालेल असा तो जुना करार होता. मग शनिवारी हा मुलगा कामावरून आला, बॅग खुंटीखाली ठेवली आणि जेवला नाही. तेव्हापासून ती त्या बॅगेकडे पाहत होती.

“वाटे घालाच,” काका म्हणत होते. “वहिनीचा एक, हेमराजचा एक, निकेशचा एक. मी तं वाटणारा, माहा नाई.”

“अन् बाबाचा,” निकेश म्हणाला.

काकांनी सावकाश त्याच्याकडे वळून पाहिले. तलावाच्या वाटणीत, घरातला कर्ता गेला की त्याच्या नावाने तीन उन्हाळे वाटा पडे आणि तो त्याच्या घरी जाई. चौथ्या उन्हाळ्यापासून पडत नसे. पळसाच्या पानांवर वाटे मांडताना ते मोठ्याने मोजायचे काम घरातल्या सर्वांत धाकट्याचे. तीनही उन्हाळे निकेशने चारपर्यंत मोजले होते.

“बाबुलालचे तीन झाले, बाबू,” काका म्हणाले. “मागच्या वैशाखात शेवटचा होता.”

“हे मासे नाई म्हटलं ना मी.”

“आताच तं मासे नव्हते म्हणून वाटू नको म्हणत होता. आता मासे नाईत म्हणून चौथा वाटा पाह्यजे. एक काही तरी धर.”

हेमराजने मनातल्या मनात भागाकार केला. चार वाटे, तेहतीस हजार. तीन वाटे, चव्वेचाळीस. त्याने वर पाहिले नाही, पण त्याच्या ओठांची हालचाल दामिनीला दिसली.

“माहं ऐकाल का,” ती अचानक म्हणाली. “वाटे घालूच नका. सारे मायच्या नावानं राहू द्या. जसे होते तसे.”

“तू कोणाकडून बोलून राह्यली?” हेमराज म्हणाला.

“माह्याकडून. उद्या तलाव आटला, तुमचा ठेका बुडाला, तं मायले कोण पाहीन? भाऊजी तं लग्न करून चंद्रपुरात जातीन. मीच ना. मले मायचे पैसे मायच्या नावावर पाह्यजेत.”

काका मोठ्याने हसले. चंदाबाईही हसली, आणि हसता हसताच म्हणाली, “निकेश, बॅग आण.”

*

पाकीट उघडायला त्याला वेळ लागला. आत नव्या कंपनीचा अर्ज होता, त्याला टोचलेला चंदाबाईच्या सहीचा चेक होता आणि वर एक छापील चिठ्ठी होती.

“वाच,” ती म्हणाली.

“अर्ज परत आला, माय.”

“ते मले दिसून राह्यलं. काऊन आला, ते वाच.”

त्याने वाचले. “पहिल्या अर्जदाराची सही नाही.”

“पहिला कोण?”

दाराच्या चौकटीतून आलेला उजेड अर्जावर पडला होता. पहिल्या रकान्यात निळ्या शाईने, त्याच्या स्वतःच्या सुबक अक्षरात, बाबुलाल असे लिहिलेले होते. दुसऱ्यात चंदाबाई. लिहिताना तो थांबलाही नव्हता. दर तीन महिन्यांनी टीव्हीवर येऊन पडणाऱ्या फंडाच्या पाकिटांवर नावे याच क्रमाने असत. जुन्या कंपनीला काही कळवायचे असते हे त्याला ठाऊक होते. त्यासाठीचा कागदही त्याने आणून ठेवला होता, आणि तीन वर्षे तो कचेरीच्या खणात कोरा होता. शनिवारी ही चिठ्ठी वाचल्यावर एक नाव खोडून सोमवारी सकाळी अर्ज पुन्हा देता आला असता. तो सोमवारी चंद्रपूरला गेला नाही. तो कुठेच गेला नाही. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसला आणि दोन गाड्या त्याने जाऊ दिल्या. त्याच दुपारी बाजार कोसळला.

“बाबा,” तो म्हणाला.

हेमराज पुढे आला आणि त्याने अर्ज हातात घेतला. बराच वेळ तो त्या नावाकडे पाहत राहिला. “म्हंजे तुले काही कळलं नव्हतं,” तो म्हणाला. “हा अर्ज परत नसता आला तं पैसे पडत्या बाजारात असते.”

“हो.”

“अन् गुणवंतराव तिथं तुह्या हुशारीचं गाणं गाऊन राह्यले.”

“मी त्याईले काहीच नाई बोललो.”

“बोलतच नाई ना तू.” पण हेमराजच्या आवाजातला राग कुठेतरी वाटेत गळून पडला होता. त्याने अर्ज नीट घडी करून आईच्या पुढ्यात ठेवला आणि काकांना म्हणाला, “काका, चार वाटे घाला.”

“काय?”

“बाबाच्या नावानं पैसे वाचले. मंग बाबाचा वाटा पाडा. माह्या ठेक्याचं मी पाहीन.”

“शुक्रवारी कुठून पाहशील?” दामिनीने विचारले. आता ती नवऱ्याच्या बाजूला येऊन उभी होती. थोड्या वेळापूर्वी वाटेच नको म्हणणारी तीच. “एकोणीस घरांले काय सांगशील?”

“पाहीन म्हटलं ना.”

कोण कोणाच्या बाजूचे, हे आता कोणालाच सांगता आले नसते. काकांनी चंदाबाईकडे पाहिले. ती उठली, कोनाड्यातल्या पत्रावळींच्या गठ्ठ्यातून पळसाची सुटी पाने काढून आणली आणि दिरासमोर ठेवली.

“भाऊजी, रीतीनं होऊ द्या,” ती म्हणाली. “माहा वाटा परत तलावात जाईन, माह्या एकटीच्या नावानं. बाजार पडो नाई तं चढो. निकेशचं निकेश पाहीन.”

“माहाही तुह्याच नावानं जाईन, माय,” निकेश म्हणाला.

“बरं. हेमराजचा त्याले, तो पाण्यात टाको का ठेक्यात. अन् चौथ्याचं…” तिने धाकट्या मुलाकडे पाहिले. तिच्या नजरेत आग्रह नव्हता. दगडावरचे ओले अक्षर सुकताना पाहावे तशी ती पाहत होती. “मोजणारा मोजीन तेवढे.”

काकांनी पहिले पान सारवणावर ठेवले आणि थांबले. ते नेहमी असेच थांबत.

“एक,” निकेश म्हणाला.

भिंतीवरचे चौकोन आता खाली सरकले होते. उजेड खुंटीवरून उतरून गेला होता आणि तिची सावली दिसत नव्हती. असे रोजच होत असणार. फक्त या वेळी तो रोज गाडीत असे.

“दोन.”

हेमराज दाराबाहेर तलावाकडे पाहत उभा होता. पाळीवरून जीपचा आवाज आला आणि दूर गेला.

“तीन.”

काकांनी तिसरे पान ठेवले. चौथे त्यांनी हातात धरले. त्याचा देठ त्यांच्या बोटांत किंचित फिरत राहिला. घाई कोणी केली नाही. निकेशच्या तोंडात पुढचा आकडा तयार होता. तीन उन्हाळे तो आपोआप आला होता, आणि आताही नुसते ओठ उघडले असते तर आला असता.

त्याने ओठ उघडले नाहीत. काकांनी चौथे पान परत गठ्ठ्यावर ठेवले.

मग निकेशने बॅगेतून दुसरा, कोरा अर्ज काढला, गुडघ्यावर घेतला आणि पहिल्या रकान्यात आईचे नाव लिहिले. खाली दुसरा रकाना होता. तो त्याने रिकामा ठेवला. बाबा तीन वर्षांपूर्वी, कार्तिकातल्या एका सोमवारी, वारले होते.